डावीकडचं स्टूल

हेमे,

तुझी स्मरणिका आली. गुळगुळीत कागदावर छापली आहे, पहिल्या पानावर तुझा शालूतला फोटो आहे, आणि तिसऱ्या पानावर तुला ‘सोशीक’ म्हटलंय. एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण पुढची ओळ वाच: ‘पतीच्या व्यसनाचे हलाहल हसतमुखाने पचवणारी माउली.’ माउली! तुला हे कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर आठवी ‘ब’च्या पोरींना उभं करायचीस तसं तू त्याला अंगठे धरून उभं केलं असतंस.

लेख तुझ्या दिरांचा आहे. दीनानाथांचा. खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी हे लिहिलं. मैत्रीण म्हणून माझ्याकडेही लेख मागितला होता. दोनशे शब्द, विषय ‘गोड आठवणी’. मी सहाशे पाठवले, त्यात गोड एकही नव्हती. छापले नाहीत. गोपाळला फोन केला तर म्हणाला, “मावशी, काका म्हातारे झालेत. जाऊ दे ना.” म्हातारी मीही आहे. मला कुणी कशातून जाऊ देत नाही.

तेव्हा आता सगळंच लिहून काढते. अर्धं मी पाहिलंय, अर्धं तू सांगितलंयस. समोर असतीस तर दर वाक्याला मधे तोंड घातलं असतंस, म्हणून यापुढे तुला ‘तू’ म्हणत नाही. परक्या बाईची गोष्ट सांगावी तशी सांगते. मुकाट्याने ऐक.

*

हेमा डावखुरी होती. गोष्ट इथूनच सुरू करायला हवी.

नैवेद्याच्या ताटाला डावा हात लावला म्हणून लहानपणी तिने बरेच फटके खाल्ले. त्या फटक्यांनी ती उजव्या हाताने जेवायला शिकली, आरती ओवाळायला शिकली, तीर्थ घ्यायला शिकली. बाकी सगळं डाव्या हाताने. सुरी, कात्री, खडू. लग्नानंतर मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागली तेव्हा आपलं आपल्याच हाताने पुसलं जाऊ नये म्हणून मनगट उंच उचलून फळ्यावर लिहायची. पोरी मागे नकला करायच्या. तिला माहीत होतं. नक्कल चांगली असेल तर ती मार्क देत नसे, पण शिक्षाही करत नसे.

नवरा यज्ञेश्वर. पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. नाव यज्ञातलं आणि स्वभाव थंड पाण्याचा. बुधवार पेठेतल्या दोन खोल्यांतून, सासू आणि दिराच्या संसारातून, ही दोघं एरंडवण्यात फ्लॅट घेऊन बाहेर पडली ती चौऱ्याहत्तर साली. चार वर्षांचा गोपाळ बरोबर. हॉलमध्ये एक कोपरा रिकामा उरला. हेमाला तिथे पुस्तकांचं कपाट हवं होतं. यज्ञेश्वरला हवा होता बार. साहेबाच्या बंगल्यावर त्याने एकदा पाहिला होता आणि तेव्हापासून त्याच्या ड्रॉइंग बोर्डावर तोच फिरत होता.

“आणि तुझी आई आल्यावर?” हेमाने विचारलं.

“तेच तर डिझाइन केलंय,” यज्ञेश्वर म्हणाला.

आठ दिवसांनी त्याने नकाशा पुढे ठेवला. पुढे अर्धगोल काउंटर, त्याला मरून रेक्झिनची बटणं ठोकलेली गादी. मागे भिंतीत कपाट, आणि ते मधल्या खांबावर फिरणारं. एका अंगाला बाटल्या, दुसऱ्या अंगाला पुस्तकं. बेल वाजली की ढकलायचं. दोघांच्या दोन इच्छा एका खांबावर बसवणारा नवरा मिळाल्यावर बाई आणखी काय मागणार?

बार बांधला चांद मिस्त्रींनी. नाना पेठेतला माणूस, पाच वेळा नमाज पढणारा, आणि सागवानावर असा हात की फळी स्वतःहून वळायची. शेवटी त्यांनी काउंटरला आपलं सर्वांत भारी पॉलिश केलं. चपडी. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे आणि कापसाच्या बोळ्याने पंचवीस-तीस हात द्यायचे. लाकडात तोंड दिसायला लागलं.

पहिल्याच शनिवारी कारखान्यातले सहा जण आले. सकाळी काउंटरवर पांढरी चक्रं उठलेली, मधेमधे चिकट. यज्ञेश्वर मिस्त्रींना घेऊनच आला.

“चांदभाई, हे बघा. एका दिवसात कोड फुटलं.”

चांद मिस्त्रींनी वाकून वास घेतला आणि डोकं मागे घेतलं. “साहेब, चपडी स्पिरिटमध्ये विरघळते. तुम्ही वरून तेच ओतलंत. मग ती परत विरघळली.”

“अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? बार आहे म्हणून सांगितलं होतं ना मी!”

“बार आहे हे माहीत होतं. ते सांडतं हे मला काय ठाऊक? आमच्या घरात सांडत नाही.”

“सांडायला आमच्याही घरात आणलेलं नव्हतं,” हेमा आतून म्हणाली.

मिस्त्रींनी एक पैसा न घेता वरचं सगळं खरवडून पुन्हा चपडीच केली. दुसरं पॉलिश त्यांच्या हाताला पटत नव्हतं. आणि पाहुण्यांनी पेला बुचाच्या चकतीवर ठेवायचा असा घरात कायदा झाला. पाहुण्यांनी. घरच्यांना कसल्या आल्यात चकत्या?

या राज्यात प्यायला परमिट लागतं. तेव्हाही लागायचं, आजही लागतं; लोक विसरतात एवढंच. यज्ञेश्वरने डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून रीतसर काढलं. ‘आरोग्य राखण्यासाठी’ मद्य घेण्याची परवानगी. स्वतःच्या नावाचं. हेमाचं काढायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मास्तरीणबाईंनी दारूच्या खिडकीवर जाऊन फोटो द्यायचा? शाळेत कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिथूनच आरोग्य राखायला घरी पाठवलं असतं.

शनिवारी संध्याकाळी गोपाळ आजीकडे बुधवार पेठेत जायचा. सात ते आठ हा तास त्या दोघांचा. डावखुऱ्या माणसाला मधे बसवलं की शेजाऱ्याला कोपर लागतं, म्हणून हेमा डावीकडच्या टोकाच्या स्टुलावर. यज्ञेश्वर उजवीकडे. तिला रम आणि कोमट पाणी, एकच पेग. शेंगदाणे तो भाजायचा. तिला त्या तासात काय आवडायचं? रम आवडायचीच, उगाच सोवळेपणा नको. पण सातपासून आठपर्यंत कुणी तिला चहा टाक म्हणायचं नाही. आठवड्यातले एकशे सदुसष्ट तास ती कुणाची तरी बाई होती. हा एक तास स्टुलावर पाय हलवत बसायची.

सासूबाई, आनंदीबाई, फक्त एकदा त्या कपाटाच्या वाटेला गेल्या. दुपारी लवंडायला काहीतरी वाचायला द्या म्हणाल्या आणि स्वतःच एक जाडा खंड ओढला. कपाट इंचभर फिरलं. मागे काच किणकिणली. आनंदीबाई थांबल्या.

“पुस्तकं वाजतात का गं तुमची?”

“वाजतात,” हेमा म्हणाली.

“हं,” म्हणाल्या, आणि खंड घेऊन गेल्या. परत आणून दिला तो हेमाच्या हातात. कपाटाला पुन्हा हात लावला नाही. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे त्या जाताना बरोबर घेऊन गेल्या.

ऐंशी साली यज्ञेश्वरला पोटात अल्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, दारूचा थेंबही नको. त्या शनिवारी हेमाने स्टुलं काढली नाहीत. यज्ञेश्वरने काढली.

“अरे, आता कशाला? बंद करू. मीही सोडते.”

“तू का? पोट माझं खराब आहे.”

“मग मी काय एकटीने पिऊ?”

“एकटी कुठे? मी बसतोय ना,” तो म्हणाला आणि कोकमाचं सरबत घेऊन बसला. तो पुढची अडतीस वर्षं कोकम घेऊनच बसला.

आता जे लिहायचं ते हेमाला कुणाला सांगायला आवडायचं नाही. मला तिने एकदाच सांगितलं, आणि तेही भाजी निवडत, वर न बघता.

अठ्ठ्याऐंशी साली आनंदीबाई गेल्या. तेराव्याला सगळं गोत जमलेलं. दीनानाथ, म्हणजे यज्ञेश्वरचा धाकटा भाऊ, नावाप्रमाणे दीन कधीच नव्हता. जेवणावळ उठायच्या आत त्याने भरल्या घरात भावाचा हात धरला. “दादा, आई तुझ्या पिण्याच्या काळजीने गेली. आज तिच्या नावाने सोड. पाणी घे हातात.”

आई दम्याने गेली होती. पण हे बोलायची ती वेळ नव्हती. सगळे यज्ञेश्वरकडे बघत होते, आणि यज्ञेश्वरने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे हेमा उभी होती, हातात खिरीचं पातेलं. आठ वर्षं तिच्या एकटीच्या रमची बाटली त्या कपाटात होती. तिने तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं. तिने उघडलं नाही.

यज्ञेश्वरने ओंजळीत पाणी घेतलं. “सोडली,” म्हणाला आणि हसला. हसला म्हणून दीनानाथला ती शपथ कधी खरी वाटली नाही. पुढे घरी आला की कपाटातली बाटली बघायचा, मान हलवायचा आणि हेमाला हळू आवाजात म्हणायचा, “वहिनी, तुमचं कसं होणार!” हेमा चहा आणून द्यायची. यज्ञेश्वर ‘व्यसनी’ म्हणून जगला आणि ‘व्यसनी’ म्हणूनच, ब्याऐंशीव्या वर्षी न्यूमोनियाने, दोन हजार अठरात गेला.

स्मशानातून आल्यावर दीनानाथ हेमाला म्हणाला, “वहिनी, सुटलात हो.”

त्या क्षणी तिच्या डोक्यात काय झालं ते ती सांगू शकली नाही. फक्त एवढंच म्हणाली, की खिरीचं पातेलं अजून हातात असल्यासारखं वाटलं.

*

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी घरात एक योजना आली. योजना दीनानाथची, निरोप्या गोपाळ. गोपाळ वारज्याला राहायचा, बायको-मुलं असलेला, सरळ, काकांना घाबरणारा मुलगा.

“आई, काका म्हणतात, श्राद्धाला सगळे येणार, तर ते... ते हॉलमधलं काढून टाकू. सागवान आहे. त्याचंच सुंदर देवघर होईल. सुतार बघितलाय त्यांनी.”

“देवघर आहे मला.”

“मोठं होईल.”

“देव वाढलेत का?”

“आई, अगं आता कोण पिणार आहे तिथे?”

तो गेल्यावर तिने बारकडे नीट पाहिलं. बरीच वर्षं पाहिलंच नव्हतं. खरंच भिकार दिसत होता. मरून रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आलेला. आरशाचा पारा उडून त्याला देवीचे व्रण पडल्यासारखे. वर लाल बल्ब, प्लॅस्टिकची द्राक्षं, त्यांवर पंचेचाळीस वर्षांची धूळ. कपाट निम्म्यात अडकायचं, अर्ध्या बाटल्या, अर्धी पुस्तकं. मोडायला निघालेल्याला हरकत घ्यावी असं त्यात काही उरलेलं नव्हतं.

तिने मला फोन केला. “यंदा दिवाळीला साडी नाही घेत.”

“का? काय झालं?”

“बार नवा करतेय.”

मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तुला वेड लागलंय. ती म्हणाली, “लागू दे. तू दहा वाजता बुधवार पेठेत ये. पिशवी आण.”

साडीच्या पैशात बार, हे तिचं अंदाजपत्रक. गोपाळकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, कारण पैसे देणारा मत देतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात आम्ही दोघी म्हाताऱ्या उभ्या राहिलो. हेमाने दिव्यांची पट्टी मागितली.

“देवघराला ना आजी?” दुकानदार पट्टी काढत म्हणाला. “ही घ्या, रंग बदलते. आरतीला छान दिसते.”

“बारला हवीय.”

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी दुसऱ्या दिव्यांकडे पाहिलं. मग त्याने रंग बदलणारी पट्टी मुकाट्याने आत ठेवली. “मग पिवळसर घ्या. पांढऱ्या उजेडात बाटली औषधाची वाटते.” त्या बाजारात एवढा प्रामाणिक सल्ला मला आजवर मिळालेला नाही.

रेक्झिनच्या जागी हेमाने जुन्या पडद्यांचं जाड निळं कापड काढलं. आरसा नवा परवडेना, तेव्हा व्रणांवर बाटल्या येतील असे खण सरकवायचं ठरलं. द्राक्षं कचऱ्यात. आणि स्टुलांचे पाय चार बोटं कापायचे, कारण गुडघ्यांना आता चढाई जमत नव्हती. स्टुलं बुटकी झाली तर काउंटर गळ्याशी येणार, म्हणून त्याचीही बैठक चार बोटं कापायची. बार म्हातारीच्या मापाचा करायचा होता. कुठल्याही दुकानात तयार मिळत नाही तो.

कापणारा कोण? चांद मिस्त्री कधीच गेले होते. त्यांचा मुलगा जब्बार पॉलिशचं काम करतो हे हेमाला त्याच्या मुलीकडून, सिताराकडून, कळलं. सितारा तिची विद्यार्थिनी. बीजगणितात तिच्या हातचा मार खाल्लेली, आणि तरी रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करणारी. जब्बारभाई आले. साठीचे, बोटं लाखेने कायमची तांबडी. मोडायचा विचार चालला होता असं हेमाने सांगितलं तेव्हा त्यांनी काउंटरवर तळहात ठेवला.

“बाई, मी पीत नाही, आणि प्यायच्या जागेचं काम शक्यतो घेत नाही. पण हे बाबांचं काम आहे. हे मोडायला कुणी येणार असेल तर त्याच्या आधी मी येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. आणि अकराच्या सुमाराला दीनानाथ आला. गोपाळला बरोबर घेऊन.

“वहिनी, हे काय चाललंय? आपलं ठरलं होतं ना?”

“तुमचं ठरलं होतं,” हेमा म्हणाली. “बसा. चहा टाकते.”

“चहा नको. दादाने आयुष्यभर ज्याच्यापायी शेण खाल्लं, ते तुम्ही नटवताय? त्याच्या वर्षश्राद्धाला?”

तीस वर्षं न दिलेलं उत्तर एका सकाळी कुठून येणार? जब्बारभाईंच्या हातात काचकागद होता. त्यांचं लक्ष काउंटरवर होतं. ते वाकले, तिरप्या उजेडात फळी पाहिली, बोट फिरवलं.

“बाई, डागांचं काय करू?” त्यांनी विचारलं. “दोन जातीचे आहेत. उजवीकडचे बहुतेक पाण्याचे. पाणी, सरबत, असलं काही. वरवर आहेत, तेलाचा बोळा फिरवला की जातील. डावीकडचे निराळे. हे चपडी खाऊन लाकडापर्यंत गेलेत. ही दारू.”

“तेच म्हणतोय मी,” दीनानाथ म्हणाला. “दादाने टेबल खाल्लं, तसंच स्वतःचं आतडंही खाल्लं.”

जब्बारभाईंनी मान हलवली. त्यांना कुणाचा दादा माहीत नव्हता, त्यांना लाकूड माहीत होतं. “दोघं बसायचे इथे, साहेब. हे रेक्झिन गुडघ्यांनी दोन जागी घासलंय बघा. उजवीकडचा माणूस पुढे पाणीवालाच. त्याच्या पुढ्यात दारूचे डाग आहेत ते चार-दोन, अगदी सुरुवातीचे; नंतरचा एकही नाही. डावीकडचा पिणारा. आणि त्याचे डाग सगळे त्याच्या डाव्या हाताला. डावखुरा होता कुणी. एकच माणूस, पण पुष्कळ वर्षं.”

दीनानाथच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. मग तो घाईने म्हणाला, “असेल दादाचा कुणी मित्र. कारखान्यातला.”

त्याने दार उघडून दिलं होतं, खरं म्हणजे. बाहेर पडायला सोपं दार. ‘हो, मित्रच’ एवढं म्हणायचं, आणि सगळे अब्रूने चहा प्यायले असते. गोपाळ आईकडे बघत होता. त्याच्या त्या बघण्यात यज्ञेश्वरचं, स्वयंपाकघराच्या दाराकडचं बघणं होतं. हेमाला ते सोसेना.

“मित्र कसला, भावजी? डावखुरी या घरात मीच आहे.”

“वहिनी, थट्टेची वेळ आहे का ही?”

“थट्टा नाही. चौऱ्याहत्तर सालापासून मी पिते. दर शनिवारी, एक पेग. रम. यांनी ऐंशी साली सोडली. त्यानंतर ते कोकम प्यायचे. तुमच्या दादाला तुम्ही आईच्या तेराव्याला शपथ घातलीत ना, ती त्यांनी पाळली. घालायच्या आधी आठ वर्षं पाळत होते.”

“मग दादा बोलला का नाही?”

“कारण मी बोलले नाही. दारात उभी होते. माझं नाव जाऊ नये म्हणून त्यांनी आपलं जाऊ दिलं, आणि मी जाऊ दिलं. ‘सुटलात’ म्हणालात ना मला? मी काय सोसत होते हो, की सुटले?”

दीनानाथ खुर्चीत बसला. तेवढ्यात गोपाळ अगदी हळू बोलला. “मी एकदा बाबांच्या पेल्याला तोंड लावलं होतं. पाचवीत असताना. आंबटगोड लागलं. मला वाटलं, दारू अशीच लागते. कॉलेजात पहिल्यांदा घेतली तेव्हा मी थुंकलो. म्हटलं, ही खराब झालीय.”

जब्बारभाई हसले. हेमा हसली. डोळे पुसून पुन्हा हसली. दीनानाथ हसला नाही. माणसाची तीस वर्षांची दया अशी एका सकाळी परत केली, की त्याला ती ठेवायला जागा सापडत नाही. तो उठला, दाराशी गेला आणि वळला.

“परमिट दादाच्या नावाचं होतं. तो गेला, परमिट गेलं. तुमचं तर कधी नव्हतंच. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही बेकायदा...”

“पंचेचाळीस वर्षं,” हेमा म्हणाली. “बरं झालं आठवण केलीत. आता काढते.”

तो गेला. जब्बारभाई हातात बोळा घेऊन उभे होते. “बाई, मग डाग?”

“वाचता येतात ना ते?”

“मला येतात.”

“मग राहू देत. दोन्हीकडचे. वर काच टाका.”

“काच स्वस्त पडेल,” जब्बारभाई म्हणाले. “आणि बाबांची चपडी तशीच राहील.” जाताना त्यांनी हेमाच्या सांगण्यावरून आणखी एक काम केलं. कपाटाला तेलपाणी करून ते बाटल्यांच्या अंगाने पुढे आणलं आणि खांबाला आरपार बोल्ट ठोकला. पुन्हा फिरणार नाही असा.

वर्षश्राद्धाला सगळे आले. निळं कापड, पिवळसर उजेड, बुटकी दोन स्टुलं, आणि उघड्यावर रमची बाटली. एका चुलतसासूने विचारलं, “अगंबाई, हे यज्ञेश्वरचं अजून ठेवलंयस?” हेमा वरण वाढत होती. डाव्या हाताने. “त्यांचं नाही, माझं. ते उजवीकडे कोकम घेऊन बसायचे. काचेखाली बघा, दिसतंय.” चुलतसासू बघायला गेल्या, मग त्यांच्या मागे बाकीच्या. दीनानाथ आला होता. बारकडे पाठ करून जेवला, दक्षिणा ठेवली आणि गेला. त्याने काचेखाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती स्मरणिकेतली ओळ लिहिता आली नसती.

*

तर हेमे, इथपर्यंत परकेपणाने सांगितलं. पुढचं तुझ्याशीच.

बार आता गोपाळकडे, वारज्याला आहे. कपाटाचा बोल्ट त्याने काढलेला नाही. काकांचा लेख छापलान, पण बोल्ट काढला नाही. पोरगं अर्धं तुझं आहे.

परमिटचं मात्र राहिलं. नातू म्हणाला होता, “आजी, ऑनलाइन मिळतं, बसल्या जागी.” तू म्हणालीस, “बसल्या जागी पंचेचाळीस वर्षं झाली. मला खिडकीसमोर उभं राहून मागायचंय.” आणि दोघींची काढू म्हणालीस, कारण शनिवारी उजवीकडचं स्टूल आता माझं झालं होतं आणि मी काही कोकम घेत नव्हते. आपण फोटो काढून घेतले. तुझ्या फोटोत तू कॅमेऱ्याला नापास करायला निघाल्यासारखी दिसतेस. अर्ज भरले. त्यावर परवानगी कशासाठी ते छापलेलंच होतं, आरोग्य राखण्यासाठी. तू पेन घेतलंस, मनगट उचललंस, ते खोडलंस आणि वर लिहिलंस, ‘आवडते म्हणून’.

मी म्हटलं, “अगं, नामंजूर करतील.”

“करू देत. तिथेच भांडू. सोमवारी दहाला ये.”

तो दोन हजार वीसच्या फेब्रुवारीचा शेवट होता. त्या सोमवारी मी नऊ वाजता फोन करून सांगितलं की डोळ्यात थेंब घातलेत, दिसत नाही. तू म्हणालीस, बरं, पुढच्या सोमवारी. पुढच्या सोमवारी तुझा गुडघा सुजला. मग सगळं शहर दाराला कड्या लावून बसलं, आणि कड्या निघायच्या आत तू गेलीस.

डोळ्यात थेंब घातले नव्हते, हेमे. त्या कचेरीत माझ्या भाच्याचा सासरा नोकरीला आहे. तो ओळखेल, असं वाटलं.

दोन्ही अर्ज माझ्याकडे आहेत. तुझ्यावर तारीख घातलेली आहे. माझ्यावर ‘आरोग्य राखण्यासाठी’ अजून तसंच आहे, न खोडलेलं.